गडदे सरांची लिनक्सवाली खोली

पूर्णेच्या आमच्या मुलींच्या शाळेत गडदे सर लांबूनही ओळखू यायचे. दोन्ही हात पाठीमागं, एकात एक गुंतवलेले, आणि मान थोडी पुढं. कॉम्प्युटरच्या खोलीत ते असेच बाकांमधून फिरत. कुणाचं काही अडलं, की ते त्याच्या मागं येऊन उभे राहत, पण हात काही सुटत नसत.

मी याच शाळेत विज्ञान शिकवते. स्वभावानं तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. एकदा निकालाचं काम अडलं म्हणून मी त्यांच्याकडं गेले. वाटलं, हा माणूस खुर्चीवर बसेल, दोन बटणं दाबेल आणि मी घरी जाईन. तर सरांनी खुर्ची पुसली आणि मलाच बसवलं.

"करा की," म्हणाले.

"येत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते, सर?"

"बरोबर हाय. बसा, दमानं करा."

तासभर गेला. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तुम्ही दोन मिनिटांत केलं असतं. मला कामून छळायलात?"

त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मपले हात मोकळे सोडले की दुसऱ्याच्या कीबोर्डवर जातेत. मग त्या माणसाला येत न्हाई ते न्हाईच. म्हणून बांधून ठेवतो." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनाट कॉम्प्युटर माझ्यासाठी वेगळा काढला. "हे घ्या मॅडम. हे तुमाला बिघडवायला."

मी तो मनापासून बिघडवला. चार-पाच वेळा तर तो उठलाच नाही. सर दर वेळी कौतुकानं बघायचे आणि म्हणायचे, "बरं झालं, आता आत काय हाय ते बघता येईल." पंचेचाळिशीला आलेल्या बाईच्या मनातली यंत्राची भीती त्या माणसानं अशी घालवली. तोवर बँकेचं, लाइट बिलाचं, तिकिटाचं सगळं माझे मिस्टर बघत. आता मी बघते, आणि चुकलं तर मीच दुरुस्त करते. हे उपकार लहान नाहीत.

सर मूळचे पेडगावचे. घरी मेंढरं. वडील जन्मभर मेंढरांमागं फिरले, भाऊ अजून फिरतो. सर शिकले आणि आमच्याकडं कॉम्प्युटर शिकवायला आले, पण बोली पेडगावची ती पेडगावचीच. मुख्याध्यापिका देशमुख बाईंनी एकदा पाहुणे यायच्या वेळेला त्यांना बजावलं, आज जरा शुद्ध बोला. सर बोलले शुद्ध. अर्ध्या तासानंतर थांबले आणि पाहुण्यांसमोरच म्हणाले, "बाई, शुद्ध बोलायच्या नादात काय शिकवायलो होतो तेच इसरलो." पाहुणे हसले, बाईही हसल्या, आणि तो विषय कायमचा मिटला.

खिशात कायम स्क्रू ड्रायव्हर. त्यामुळं सरांच्या एकूण एक शर्टाच्या खिशाला खालून भोक. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, हाताला लागेल त्या कापडाचं ठिगळ लावायच्या. पांढऱ्या शर्टाला फुलाफुलांचं ठिगळ लावून सर प्रार्थनेला उभे राहत, आणि पोरी तोंडावर ओढणी धरून खुदखुदत.

ती कॉम्प्युटरची खोली म्हणजे सरांचा जीव. तिथली बहुतेक यंत्रं कुठल्या ना कुठल्या ऑफिसनं टाकून दिलेली. सर ती मागून आणायचे, ब्रशानं धूळ झाडायचे, दोन मोडक्यांतून एक धड करायचे आणि त्यावर लिनक्स घालायचे. लिनक्स म्हणजे काय, हे ते आलेल्या माणसाला उभ्या उभ्या सांगत. कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, जी जगभरातल्या लोकांनी मिळून बनवली, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी आणि पुढं द्यावी. एका पोरीच्या आजोबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्येचा मालक कोण?"

"एकटा कुणी न्हाई."

आजोबांना ते पटलं नाही. "म्हणजे चोरीचं हाय का? बिगरमालकाची वस्तू आमी घरात ठेवत न्हाई, सर."

"मग तुमी व्हा मालक," सर म्हणाले. आजोबा बराच वेळ विचार करत बसले आणि शेवटी कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

रविवारी त्या खोलीत आमचं मंडळ जमायचं. सर त्याला 'कळप' म्हणायचे. मी, स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला शरद, आणि आणखी सात-आठ जण. कुणाचा अडलेला कॉम्प्युटर चालू करून द्यायचा, आणि उरलेल्या वेळात लिनक्सच्या पडद्यावरचे इंग्रजी शब्द मराठीत करून पाठवायचे. त्या शब्दांवरून आमची काय भांडणं व्हायची म्हणून सांगू. मी जड शब्द काढायचे, शरद उडवून लावायचा, आणि शेवटी सर पेडगावला फोन लावायचे. त्यांची आई म्हणजे आमचं हायकोर्ट. म्हातारीनं कॉम्प्युटर कधी बघितला नव्हता. सर विचारायचे, "आई, एखादी वस्तू नीट राहावी म्हणून तू आत टाकतीस, त्याला काय म्हणतीस?" पलीकडून उत्तर यायचं, "ठेवती म्हणते, दुसरं काय म्हणू? अन् हे इचारायला फोन केलास व्हय?" झाला निकाल, 'सेव्ह'ला 'ठेवा'. आम्ही ते पाठवायचो, आणि कुठला कोण अनोळखी माणूस ते तपासून घ्यायचा. काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली, की पडद्यावर आमचा शब्द. पहिल्यांदा असा शब्द दिसला त्या दिवशी सरांनी सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं होतं.

मग त्या नव्या सिस्टीमची बातमी आली. एका मोठ्या कंपनीनं सगळं वेबवर चालणारी सिस्टीम काढली होती. लॅपटॉप उघडायचा, आपल्या नावानं आत जायचं, की लिहिणं, बघणं, साठवणं सगळं इंटरनेटवर. तुमचं काम तुमच्या यंत्रात नाहीच, ते कंपनीच्या यंत्रांत. आणि गंमत अशी, की या सिस्टीमच्या पोटात लिनक्सच होतं.

त्या रविवारी खोलीत नुसता कल्ला. कुणी म्हणालं, आपण जिंकलो, आता घराघरात लिनक्स जाणार. शरद उसळून म्हणाला, "कशाचं जिंकलो? आत लिनक्स हाय हे कुणाला कळणार? ब्राउजर उघडला की झालं. आपल्याकडं कोण येईल? हे मंडळ संपलं म्हणून समजा."

सर खिडकीपाशी उभे होते. ते म्हणाले, "आमच्यात रानात मेंढरं बसवतेत, बघा. शेतकरी बोलावून नेतो. चार रात्री मेंढरं त्याच्या रानात बसतेत, लेंड्या पडतेत, रान कसदार होतं. शेतकरी धान्य देतो. दोघांचं भलं. पण एखादा कळप नुसता चरून जातो अन् मुक्काम दुसऱ्याच रानात करतो. तसलं बी असतं."

"मग हे कोणतं?" मी विचारलं.

"अजून कळायचंय. त्यांच्या हुशार लोकांनी खालचं लिनक्स सुधारलं, तर ती सुधारणा आपल्याला बी मिळती. बारकाल्या मशिनीवर आपलं बी बरं चालंल. हे झालं खत." मग म्हणाले, "पण पोरींना खाली रान हाय हेच जर कळलं न्हाई, तर पुढं पेरणार कोण? मला त्याचं भ्या वाटतं." भीती वाटते असं सर म्हणाले, ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि वर्षभरात ती भीती आमच्याच दारात आली. एका संस्थेनं शाळेला ते नवे वेबवाले लॅपटॉप भेट दिले. हलके, चकचकीत, झटकन उघडणारे. पोरी तर हरखूनच गेल्या. देशमुख बाईंनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, आता त्या जुन्या डब्यांचं काय काम? मला वर्गखोली कमी पडतीय. दिवाळीनंतर ती खोली मोकळी करून द्या." बाईंचं चूक नव्हतं. एका वर्गाच्या पोरी खरंच व्हरांड्यात बसत होत्या. पण खोली गेली म्हणजे रविवार गेला, आणि रविवार गेला म्हणजे सरांनी इतकी वर्षं जमवलेलं माणूस न् माणूस पांगलं. सर "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

पुढच्या रविवारी मी जरा उशिरा गेले, तर आत शरद आणि सर, आणि टेबलावर पाच-सहा नवे लॅपटॉप उघडे. कंपनीची सिस्टीम पुसून त्यावर आमचं लिनक्स घालणं चाललं होतं. शरदनं हे केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण बटणं सर दाबत होते. स्वतः, भराभरा, ओठ घट्ट मिटून.

"सर, हे शाळेचे आहेत. कुणाला विचारलंत?"

"पोरींना दाखवायचंय, मॅडम. आपलं बी काही कमी न्हाई. एकदा बघितलं की त्याच म्हणतेल, हे राहू द्या."

असा घोटाळा आमच्याच लोकांना सुचावा. दुसऱ्याचं यंत्र दिसलं, की त्याला मोकळं करायची आमच्या हातांना खाज सुटते. यंत्राच्या मालकाला मोकळं व्हायचंय का, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

सोमवारी पोरी आल्या. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी माझ्याच हाताखाली काम केलं होतं, चित्रं, तक्ते, सगळं त्या लॅपटॉपवर. पडदा उघडला तर वेगळंच काही. आरती नावाची नववीतली पोर, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, रडायलाच लागली. "सर, आमचं सगळं पुसलं का हो?" प्रकरण बाईंपर्यंत गेलं. बाईंनी सरांना जे सुनावलं ते आख्ख्या स्टाफरूमनं ऐकलं.

सरांनी दिवसभर बसून कंपनीची सिस्टीम परत घातली. शाळा सुटायच्या वेळेला आरती आपल्या नावानं आत गेली, आणि तिची चित्रं, तक्ते, सगळं जिथल्या तिथं. एक अक्षर हललं नव्हतं, कारण ते त्या लॅपटॉपात कधी नव्हतंच. आरती डोळे पुसून हसली. सर मात्र त्या पडद्याकडं बघतच राहिले. जिला ते इतके दिवस मनातून घाबरत होते, ती गोष्ट त्यांच्या देखत पोरीच्या कामी आली होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते पोरींसमोर उभे राहिले. "तुमच्या वस्तूला मी न इचारता हात लावला. चुकी मपली. शरद सोबत होता, पण त्यानं मपलं ऐकून केलं." एवढंच बोलून आपल्या जागेवर गेले.

दिवाळीनंतर खोली रिकामी झाली. सरांनी एकही यंत्र भंगारात जाऊ दिलं नाही. ज्या घरांत नेट नाही, अशी घरं शोधून वाटली. कुणी मोटारसायकलवर नेलं, कुणी एस.टी.च्या टपावर. टॉवेलवाले आजोबा आणखी एक मागायला आले, नातवाच्या सासरी द्यायचं म्हणून. नातवाचं कसलं सासर, हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग सर बाईंकडं गेले आणि रविवारी व्हरांड्यात बसायची परवानगी मागितली. बाई मनानं मोठी बाई. म्हणाल्या, "बसा की. आणि ते नवे लॅपटॉपही घ्या, पण पुसू नका म्हणजे झालं."

सरांनी ते लॅपटॉप घेतले आणि महिनाभर त्याच सिस्टीमचा अभ्यास केला, परीक्षेला बसल्यासारखा. एके रविवारी पोरींना जवळ बोलावून म्हणाले, "ह्याच्या आत एक दार हाय." त्या सिस्टीममध्येच एक सोय होती, ती चालू केली की आतलं लिनक्स एका काळ्या खिडकीत उघडायचं. कंपनीनंच ठेवलेली. पोरींनी ते दार उघडलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. ज्या पोरी जुन्या खोलीकडं कधी फिरकल्या नव्हत्या, त्या आता दर रविवारी व्हरांड्यात सतरंजी टाकून बसू लागल्या. आरती तर सगळ्यांच्या पुढं.

पण शरदला ते सहन झालं नाही. तो एकदाच आला, उभ्यानं बघितलं आणि म्हणाला, "सर, आपण ज्याच्यासाठी भांडलो तेच तुमी कंपनीच्या लॅपटॉपवर शिकवायलात. वर पोरींसमोर माफी मागितली. मपलंच काही चुकलं असंल." आणि निघून गेला. शरद म्हणजे सरांचा पहिला चेला, शाळा सोडलेला, त्यांच्या हाताखाली उभा राहिलेला. सर फाटकापर्यंत त्याच्या मागं गेले. काय बोलले माहीत नाही, पण एकटेच परत आले. त्यानंतर स्टेशनकडं जाताना ते शरदच्या दुकानासमोरून जायचे, पण तो मान वर करायचा नाही. घरी सुमनवहिनी म्हणायच्या, "ह्यांचं पोटात काही जाईना. ताटावर बसतेत अन् उठतेत." जुने बाकीचेही हळूहळू कमी झाले. मंडळात पोरी आल्या आणि आमच्यातले गेले. त्या नव्या सिस्टीमनं आमचं काय केलं असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन. अर्धे गेले, नवे आले, आणि मधल्या मधे सर वाळले.

यंदाच्या उन्हाळ्याआधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडला ऑपरेशन झालं. मी एका रविवारी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. चेहरा एवढासा. वहिनी वाटी घेऊन शेजारी, आणि सर नको म्हणून मान हलवत होते.

"तीन दिवस झाले, वरणाचं पाणी बी घेईनात," वहिनी मला म्हणाल्या. "तुमी सांगून बघा, मॅडम."

मी रागावूनच बघितलं. उपयोग झाला नाही. ते म्हणाले, "आज रविवार ना? पोरी आल्या असतील. कुणी न्हाई त्यांच्याजवळ. दोन-चार रविवार येतेल, मग यायच्या बंद होतेल. पोरीच त्या." मी इथं होते, म्हणजे व्हरांड्यात खरंच कुणी नसणार.

मी आरतीच्या घरचा मोबाइल लावला. तिच्याकडंच होता. मागं पोरींचा गलका.

"मॅडम, सर बरे हायेत का? आमी व्हरांड्यात हाव. ते काळं उघडंना झालंय, पण चाललंय आमचं, शरदभाऊ आलेत."

मी फोन सरांच्या कानाशी धरला. शेजारी मलाही ऐकू येत होतं. पलीकडं शरदचा तोच चढा आवाज, एका पोरीवर ओरडत. "आगं, घाई कामून करायलीस? आधी वाच की नीट. काय लिहिलंय ते मला सांग." पोर अडखळत वाचत होती. तो मधेमधे "हां, पुढं" म्हणत होता. मग पोरींचा एकदम ओरडा झाला, बहुतेक उघडलं असावं.

आरतीनं विचारलं, "सर, शरदभाऊला देऊ का?"

सरांनी मला हातानंच नको अशी खूण केली. मी तिला म्हटलं, "राहू दे, सर आराम करायलेत," आणि फोन ठेवला. सर खिडकीकडं बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही आणि लपवलंही नाही. मग वहिनींकडं वळून म्हणाले, "काय आणलंयस, बघू."

वहिनींनी वाटी पुढं केली. सरांनी चमचा बाजूला ठेवला, वाटीच तोंडाला लावली आणि मऊ भात-वरण शेवटपर्यंत खाल्लं. मग आणखी मागितलं. वहिनी डबा उघडायला वळल्या.

आठवडा संपायच्या आत ते गेले. मला नंतर पुष्कळांनी विचारलं, शेवटी कसे दिसत होते. मी सांगते, जेवत होते.